दूर्वा जिथे तण ठरते

आमच्या वस्तीच्या शेवटच्या गल्लीला लागून तारेच्या कुंपणाआड एक ओबडधोबड माळ आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट आणि ट्रुगनिनाच्या बाजूला, असे तुकडे अधूनमधून दिसतात. दोन्ही अंगांना एकसारखी विटांची घरं, मधे गुडघाभर गवत, चार काळे दगड आणि 'आत येऊ नये' अशी पाटी. गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या काहींनी अर्ज फिरवला: हे माजलेलं रान कापा, साप निघतात, कधीतरी आग लागेल, आणि जागा मोकळी झाली की मुलांना क्रिकेटला द्या. त्यावर सभागृहात बैठक झाली. निसर्गप्रेमी मंडळींपैकी एक बाई उठून म्हणाल्या, नव्याने आलेल्यांना या जमिनीची जाण नसते, ती यायला पिढ्या जाव्या लागतात. लगेच आमच्यातले एक काका उठले. यांना आधी झाडं परकी वाटतात, मग पक्षी, मग माणसं, असं त्यांनी सुनावलं. दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. बाहेर पडताना काका मला म्हणाले, "बघितलंस ना, आपल्यालाच तण म्हणताहेत हे." दोन तासांच्या त्या बैठकीत गवताबद्दल कोणी काही बोललं असेल तर ते मला ऐकू आलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तो माळ राहिला पाहिजे, क्रिकेटला जागा दुसरी शोधावी. पण माळ राखायचा तो 'देशी' आहे म्हणून, हे कारण मला पटत नाही. ते कारण लंगडं आहे आणि ते पुढे करणारेच माळाचं नुकसान करतात. शिवाय हा माळ नीट राखला जातोय की नाही याचा जाब विचारायचा पहिला हक्क आम्हा नव्या घरांत हप्ते फेडणाऱ्यांचा आहे. का, ते पुढे येईलच.

आधी जमीन. मी सासवड-जेजुरीकडच्या माळावर वाढलो. इथे पहिलं घर बांधायला काढलं तेव्हा ठेकेदाराने पायाचा खर्च वाढवून सांगितला. कारण काय, तर इथली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात. मला हसू आलं. काळ्या रानाच्या भेगांत लहानपणी गोट्या हरवल्या आहेत मी. मेलबर्नच्या पश्चिमेचं हे पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचं, आपल्या दख्खनच्या पठारासारखंच. वय फार लहान, पण दगड तोच, बेसॉल्ट. त्यावर झाडं तुरळक, गवत मुबलक. याच माळांवर इथले मूळ रहिवासी असलेल्या कुलिन लोकांच्या बायका काठ्यांनी उकरून मुरनाँगचे कंद काढायच्या. पिवळ्या फुलाचं हे कंदमूळ त्यांचं रोजचं अन्न होतं. 1835 साली टास्मानियाकडून मेंढ्या उतरल्या. ज्या खंडात खुराचा प्राणी कधी नव्हताच, तिथली भुसभुशीत माती खुरांनी घट्ट झाली, कंद मेंढ्यांनी फस्त केले आणि काही वर्षांतच वस्तीच्या आसपासचं मुरनाँग दिसेनासं झालं. त्याच साली जॉन बॅटमनने कुलिन मंडळींशी 'करार' करून चाकू, घोंगड्या, आरसे देऊन लाखो एकर जमीन घेतल्याचा दावा केला. गव्हर्नर बर्क यांनी तो करार रद्द ठरवला. जमीन मूळ लोकांची म्हणून नव्हे, ती ब्रिटिश राजाची आहे म्हणून. आज या पठारावरच्या मूळ गवताळ प्रदेशापैकी पाच टक्केही उरलेला नाही. 2008 साली केंद्र सरकारने तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर केला.

आता 'देशी' या शब्दाकडे येऊ. दर वर्षी गणपती आले की आम्ही सकाळी फुटपाथलगतच्या हिरवळीवर वाकून दूर्वा खुडतो. आपली दूर्वा इथे 'कूच' नावाने लॉनमध्ये असते आणि कुंपणाच्या पलीकडे गेली की तण ठरते. मूळ गवतं दाबून टाकते म्हणून तिला उपटतात. उलट आमच्या माळावरचं मुख्य गवत, ज्याला इथे कांगारू गवत म्हणतात आणि जे या माळाचं मानचिन्ह आहे, ते शास्त्रीय नावासकट भारतात आढळतं, आफ्रिकेतही आढळतं. अभ्यासकांच्या मते त्याचं मूळ आशियातलं; ते लाखो वर्षांपूर्वी इकडे पसरलं. मग देशी कोण? ज्याची पूजा होते ती दूर्वा परकी, आणि ज्याच्या नावातच कांगारू तो आपला भाऊबंद! तिसरं उदाहरण तर घरच्या नावाचं. निलगिरीचं झाड हे इथलं, या राज्याचं आणि टास्मानियाचं. त्याला आपण नाव दिलं ते तमिळनाडूतल्या डोंगरांचं, कारण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते तिथे लावलं आणि पुढे सामाजिक वनीकरणाच्या उत्साहात महाराष्ट्राच्या बांधाबांधावर आलं. सिल्व्हर ओक हे क्वीन्सलँडकडचं झाड तर मुंबईत एका ज्येष्ठ नेत्याच्या बंगल्याचं नाव होऊन बसलं आहे.

एवढ्यावरून आमचे काका जो निष्कर्ष काढतात तो मात्र मी काढणार नाही. सगळंच कुठून ना कुठून आलं, मग भेद कशाला करायचा, हा त्यांचा मुद्दा ऐकायला उदार वाटतो. पण या शहरात तो प्रयोग होऊन गेला आहे. 1861 मध्ये मेलबर्नमध्ये एक संस्था निघाली, जगभरातले उपयुक्त आणि सुंदर जीव इथे आणून रुजवायचे हाच तिचा हेतू. माणसं वाईट नव्हती. संपादक होते, प्राध्यापक होते, घरच्या पाखरांच्या आवाजासाठी झुरणारे लोक होते. त्या दशकात भाजीमळ्यांतली कीड खायला त्यांनी भारतातून साळुंकी आणली. संस्थेच्याही आधी, 1859 मध्ये, जीलाँगच्या पलीकडच्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी दोन डझन ससे मागवले होते; पुढे त्यांनी खंड पोखरला. बोटॅनिक गार्डनचे प्रमुख फर्डिनांड फॉन म्युलर हे या देशाच्या वनस्पतींचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनीच ओढ्याकाठी ब्लॅकबेरी रुजावी म्हणून तिच्या बिया वाटल्या, कोणा वाटसरूला भूक लागली तर असावी म्हणून. आज त्या काटेरी जाळ्या काढण्यात सरकारी पैसा आणि स्वयंसेवकांचे रविवार जातात. इतक्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं जिथे चुकलं, तिथे 'काही बिघडत नाही' असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं?

साळुंकीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण माझाच गोंधळ तिथे सर्वांत जास्त आहे. इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तिचा कलकलाट ऐकला आणि परदेशात कोणीतरी गावची ओळख दाखवावी तसं वाटलं. पुढे कळलं की इथे तिला पिंजरे लावतात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती घरटं करते झाडाच्या ढोलीत, आणि ढोली हा या देशातला सर्वांत दुर्मीळ माल आहे. तीनशेच्या आसपास जातींचे प्राणी-पक्षी ढोल्या वापरतात, आणि इथल्या ओढ्याकाठच्या रिव्हर रेड गमला, म्हणजे निलगिरीच्याच एका जातभाईला, चांगली ढोली पडायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. कारण लाकूड पोखरणारा सुतारपक्षी ऑस्ट्रेलियात नाहीच. साळुंकी त्या ढोल्यांवरून रंगीत पोपटांशी भांडते आणि पुष्कळदा जिंकते. तिच्या बाजूने जे म्हटलं जातं तेही खरं आहे: जंगल तोडून माणसाने लॉन केली, साळुंकी फक्त रिकाम्या जागेत राहायला आली; रोग वेगळा, ती त्याचं लक्षण. मान्य. पण लक्षणानेही माणूस दगावतो. गंमत अशी की 'नॉइझी मायनर' हा साळुंकीच्या 'मायना' या इंग्रजी नावाशी जवळपास जुळणाऱ्या नावाचा अस्सल ऑस्ट्रेलियन पक्षी साळुंकीहून दांडगा आहे; तो टोळीने इतर पाखरांना हुसकावतो, आणि केंद्र सरकारने 2014 मध्ये त्याच्या या दादागिरीचीच नोंद धोका म्हणून केली. त्याच्याकडे इथला जन्मदाखला आहे, तरी तो तापदायक. पूर्व गिप्सलँडचं 'स्वीट पिटोस्पोरम' हे याच राज्यातलं झाड मेलबर्नच्या ओढ्यांकाठी तण म्हणून काढतात. जन्मस्थान पाहून माळावर कोणाला ठेवायचं हे ठरत नाही, हे इथल्या जाणकारांना केव्हाच कळलेलं आहे. बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांना अजून कळायचं आहे.

मग पाहायचं काय? पाहायचं की कोणावर कोण जगतं. आमच्या माळावर नोव्हेंबर-डिसेंबरात भर उन्हात 'गोल्डन सन मॉथ' नावाचा एक पतंग निघतो. त्याला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना गवताच्या मुळांशी जे खाल्लं त्यावर तो जेमतेम काही दिवस काढतो. मादी तर फारशी उडतही नाही, गवतांच्या बुंध्यांमधल्या उघड्या मातीवर बसून पंख चमकवते आणि नराची वाट पाहते. हे बुंध्यांमधलं मोकळं अंतर दूर्वेने भरलं किंवा घरांनी, त्याचा खेळ आटोपला. शेजारच्या माळावर उडून जाणं त्याच्या नशिबात नाही. त्याच माळांवर एक बिनकानाचा छोटा सरडा राहायचा. 1969 नंतर तो कोणाला दिसला नव्हता, गेलाच असं धरलं होतं. 2023 मध्ये तो मेलबर्नच्या पश्चिमेला पुन्हा सापडला. आमच्यासारख्याच कोणाला तरी पडीक वाटलेल्या रानात तो पन्नासहून जास्त वर्षं काढत होता.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत कठीण मुद्दा येतो, आणि तो बैठकीत कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. या पतंगाच्या अळ्या 'चिलियन नीडल ग्रास' या दक्षिण अमेरिकेतल्या, सरकारने तण ठरवलेल्या गवतावरही पोसल्या जातात. म्हणजे काही ठिकाणी तण उपटाल तर ज्याच्यासाठी उपटताय तोच मरेल. दुसरं, याच शहराच्या मध्यभागी जुन्या एल्म वृक्षांच्या रांगा आहेत. युरोप-अमेरिकेतले एल्म डच एल्म रोगाने झोडपले, इथे तो रोग पोहोचला नाही; त्यामुळे जगातल्या जुन्या एल्म वृक्षांचा एक मोठा ठेवा या परक्या मातीत शिल्लक आहे. त्यांना कोणी तण म्हणून तोडायला निघालं तर मी काकांच्या शेजारी उभा राहीन. 2012 साली मेलबर्न शहराने झाडांचं धोरण केलं, त्यात दीर्घ दुष्काळाने पिचलेली 44 टक्के झाडं वीस वर्षांत जातील असा अंदाज होता आणि सावली 22 वरून 40 टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट. त्यांनी नियम कोणता केला? एका जातीची झाडं पाच टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची, म्हणजे सख्ख्या जातींच्या गटाची, दहाहून, एका कुळाची वीसहून जास्त नकोत. मूळ देशाचा रकाना त्यात नाही. सगळी अंडी एका टोपलीत नकोत एवढंच. पुढे त्यांनी प्रत्येक झाडाला ईमेल पत्ता दिला, फांदी मोडली तर कळवा म्हणून. आणि लोकांनी झाडांना चक्क प्रेमपत्रं लिहिली, एल्मलाही आणि गमलाही.

पण रस्त्यावरचं झाड सावली देतं, आणि सावली कोणाचीही चालते. माळाचं तसं नाही. रस्त्यावरचा एल्म काढून तिथे दुसरं झाड लावता येतं. माळ एकदा नांगरला, त्यावर खत पडलं, माती हलली, की तो परत लावता येत नाही. प्रयत्न झालेत, अजून होताहेत, आणि ते करणारेच सांगतात की नकली माळ करायला खऱ्याच्या कितीतरी पट पैसा लागतो आणि तरी त्यात निम्मी फुलं येत नाहीत. चिलियन गवताच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. जिथे पतंगाकडे तेवढंच उरलं आहे तिथे ते एका दमात उपटू नये, हळूहळू बदलावं. ही कारागिरी आहे. कुठे, कधी, किती, हे त्या तुकड्यावर गुडघे टेकून बसलेल्यालाच कळणार.

क्रिकेटवाल्यांचे दोन मुद्दे मला हसण्यावारी नेता येत नाहीत: साप आणि आग. साप खरे आहेत, टायगर स्नेक आणि ब्राउन स्नेक दोन्ही विषारी, आणि दोन वर्षांचं पोर घरात असलेल्या आईला 'त्यांचाही हक्क आहे' असं सांगणाऱ्याला मी माझ्या घरात चहाही विचारणार नाही. त्याला उपाय आहे: कुंपणाच्या आत-बाहेर काही मीटरचा पट्टा कायम कापलेला ठेवणं, आणि अंगणातला कचरा, लाकडाचे ढीग, त्यातले उंदीर कमी करणं. हे काम वेळेवर होत नाही, ही तक्रार रास्त आहे. आगीचं थोडं वेगळं आहे. उत्तरेचा गरम वारा सुटला, पारा चाळिशीपार गेला की गवताच्या आगीची भीती खोटी नसते. पण पेटतं काय हे बघा. युरोपातून आलेली एकवर्षायू गवतं नोव्हेंबरातच वाळून कोळ होतात. सेरेटेड टसॉकसारखं तण तर काडेपेटीच. कांगारू गवत उन्हाळ्यात वाढतं, त्यामुळे तेव्हा त्याच्यात हिरवेपणा टिकून असतो. त्याला अधूनमधून शरद ऋतूत (इथे तो मार्च ते मे), छोट्या तुकड्यांत, शांत हवेत जाळावं लागतं. कुलिन लोक ते करत आले. जाळलं नाही तर गवताची गादी साचते, मधली फुलं गुदमरतात, आणि तीच गादी जानेवारीत भडकते.

आणि इथेच निसर्गप्रेमी मंडळींवरचा माझा राग आहे. पाटी लावली, कुलूप घातलं, 'आत येऊ नये' लिहिलं, की माळ राखला गेला असं त्यांना वाटतं. माळ असा राखला जात नाही. तो जाळावा लागतो, खुरपावा लागतो. माझ्या माहितीत या शहरात जी ठिकाणं खरोखर सुधारली ती सगळी माणसांना आत घेऊन सुधारली. मेरी क्रीक हा शहराच्या उत्तरेकडून येणारा ओढा. मेरी म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत खडकाळ. त्याच्या काठी दगडाच्या खाणी होत्या, खाणी संपल्यावर त्यांत कचरा टाकला. 1980 च्या दशकात शेजारपाजारच्या लोकांनी काठ झाडायला घेतला, मूळ झाडं लावली, एका जुन्या खाणीच्या कचराभरावावर 1982 मध्ये 'सेरेस' नावाचा पर्यावरण-मळा उभा राहिला. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला 'सेक्रेड किंगफिशर', म्हणजे आपल्या खंड्याचाच निळा-हिरवा भाऊबंद, तिथे परतला. लोकांनी त्याच्या परतण्याचा उत्सवच सुरू केला: ढोल, मुखवटे, मुलं. त्यात ग्रीक होते, तुर्की होते, लेबनीज होते. कोणाच्या किती पिढ्या इथे गेल्या हे खंड्याने विचारलं असेल असं वाटत नाही.

बैठकीतल्या बाईंच्या त्या वाक्याबद्दल एवढंच म्हणतो, की पिढ्यांचा हिशोब काढायचा तर तो त्यांनाही परवडणार नाही. त्यांच्या पाच पिढ्या असतील. कुलिन लोकांच्या हजारो. आणि ज्या पिढ्यांनी मेंढ्या घातल्या, खाणी खणल्या, ससे सोडले, त्याही जाण असलेल्याच म्हणायच्या का? पण काकांचं 'आपल्यालाच तण म्हणताहेत' हे मला त्याहून जास्त खटकतं. गवताला लावलेला शब्द आपण आपण होऊन अंगावर ओढून घेतला, त्याचा अपमान करून घेतला, आणि मग त्या अपमानाच्या भरात एका पतंगाचं घर कापायला निघालो. माणूस विचार करून वागणं बदलू शकतो, दूर्वेला ते जमत नाही. उपमा चुकीची आहे हे ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही.

आता हिशोबाकडे. 2010 साली राज्य सरकारने मेलबर्नची हद्द वाढवली. आम्ही राहतो त्या नव्या वसाहती, म्हणजे इथल्या बोलीत एस्टेटी, त्याच वाढीतल्या. तेव्हा केंद्राशी समझोता झाला तो असा: नव्या हद्दीतले बरेचसे माळ घरांखाली जाऊ द्या, त्याच्या बदल्यात वेरिबीच्या पलीकडे, माउंट कॉट्रेलच्या बाजूला, 15,000 हेक्टरचं एक मोठं गवताळ राखीव क्षेत्र सरकार विकत घेईल, आणि ते 2020 पर्यंत पुरं करेल. त्यासाठी पैसा कोण देणार? जमीन विकसित करणारे, दर हेक्टरी शुल्क भरून. 2020 मध्ये त्या शुल्काचा स्वतंत्र कायदाच झाला. आता डेव्हलपरने भरलेला पैसा त्याने खिशातून भरला असेल, की प्लॉटच्या किमतीत धरला असेल? ज्याने आयुष्यात एकदा तरी घर घेतलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. 2020 मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा मुदत संपत आली होती आणि घेतलेली जमीन दहा टक्क्यांच्या आसपास होती. त्यानंतर आणखी काही घेतली गेली, पण 15,000 चा आकडा अजून दूर आहे. घेतली न गेलेली जमीन तोवर तशीच खासगी शेतांत पडून, टसॉक वाढतंय, भाव चढताहेत, म्हणजे तेवढ्याच पैशात दरवर्षी कमी माळ येणार.

याचा अर्थ असा, की आमच्या घराखाली जो माळ गेला त्याची किंमत आम्ही मोजली आहे. माल मिळालेला नाही. या व्यवहारात आम्ही गुन्हेगार नाही, धनको आहोत. आणि धनको काय करतोय? उरलेला चार-पाच एकरांचा तुकडाही कापा म्हणून अर्ज लिहितोय! दुसरीकडे निसर्गप्रेमी मंडळी, जी बहुतेक आतल्या उपनगरांत, शंभर वर्षांपूर्वी साफ केलेल्या माळांवर, एल्मच्या सावलीत राहतात, ती आम्हाला जाण नसल्याचं सांगताहेत. ज्याने वचन मोडलं तो दोघांच्या भांडणात कुठेच नाही. त्याला यापेक्षा सोयीचं काय असणार?

अशी भांडणं आपण पाहिलेली आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये झालं तेव्हा ते कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर पसरलं होतं. त्यात गावं आली, शेतं आली, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांचे मोठे भाग आले. कोणाला विचारलं नव्हतं. जमिनीच्या व्यवहारांना, विहिरीला, रस्त्याला अडथळा, आणि कारण एक पक्षी. लोक त्या पक्ष्यावर चिडले यात नवल ते काय? पुढे ते क्षेत्र कापून 1,222 चौरस किलोमीटर केलं गेलं. तोवर माळढोक जवळजवळ नाहीसा झाला होता. धनगरांनी मात्र तो माळ पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यासकट वापरला होता. सरकारी नकाशावर गवताळ जमिनीला अजूनही 'पडीक' म्हणतात आणि 'वृक्षारोपण' करून ती सुधारायला निघतात. इथेही 1835 नंतर तेच झालं, ज्यावर कोणाचा नांगर दिसला नाही ती रिकामी धरली. 'कोणाचीच नाही' या कल्पनेला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या माबो निकालात कायद्यातून काढलं. डोळ्यांतून ती अजून गेलेली नाही, ना इथल्यांच्या, ना आमच्या.

ट्रुगनिनाचं जुनं कब्रस्तान एकदा जाऊन बघा. आजूबाजूला गोदामं, ट्रकांची वर्दळ. कुंपणाच्या आत थडगी आणि थडग्यांमधून कांगारू गवत, आणि त्यात 'बटन रिंकलवर्ट' नावाचं पिवळ्या गोंड्यांचं फुल, जे आता देशात मोजक्याच ठिकाणी उरलं आहे. कोणा संशोधकाने ते राखलं नाही. मेलेल्यांच्या जागेत नांगर घालू नये, मेंढरं सोडू नयेत, एवढ्या संकोचाने ते राहिलं. आपल्याकडे देवराईत काठी तोडायला हात धजत नाही, त्याच जातीचा हा संकोच. कोकणातल्या एखाद्या गावकऱ्याला हे कब्रस्तान दाखवलं तर पाटी न वाचता तो चपला बाहेर काढेल. माझ्या सासूबाईंनी तरी काढल्या होत्या. मग मीही काढल्या, आणि कुसळं बोचली.

तर काकांच्या अर्जाला जोड म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला आहे. त्यात मागण्या तीन: कुंपणालगतचा पट्टा दर उन्हाळ्याआधी कापा; दर शरदात माळ तुकड्या-तुकड्याने जाळा आणि त्या दिवशी शेजाऱ्यांना, मुलांना, कुलिन मंडळींना बोलवा; आणि आम्ही ज्याचे पैसे भरले ते 15,000 हेक्टर कुठवर आलेत ते लिहून कळवा. क्रिकेटची जागा शाळेच्या मैदानाची मागितली आहे. काकांना वाचून दाखवला. तिसऱ्या मागणीवर ते जरा वेळ गप्प झाले, मग चष्मा काढून म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" सही त्यांनी अजून केलेली नाही. सापाच्या पट्ट्याचं रुंदीसकट लिहून घ्या म्हणताहेत, पाच मीटर की दहा. ते ठरलं की करतो म्हणाले.